शिफ्ट मीटिंगमध्ये सगळ्यांचं ऐकायचं कसं? नव्या टीमलीडरसाठी

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, टीमलीडर होण्याची वाट साधारण सारखीच असते. आयटीआय किंवा डिप्लोमा करून माणूस लाइनवर येतो, काही वर्षं मशीन चालवतो, रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी ठेवतो, आणि एक दिवस साहेब बोलावून सांगतात, ‘उद्यापासून शिफ्टची मीटिंग तू घ्यायची.’ मशीन चालवायला त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. पंधरा-वीस माणसांना बोलतं कसं करायचं, हे कुणीच शिकवलेलं नसतं. मग आधीचा टीमलीडर करायचा तेच तो करतो. कालचं प्रॉडक्शन वाचून दाखवतो, आजचं टार्गेट सांगतो, सेफ्टीची शपथ म्हणवून घेतो आणि शेवटी विचारतो, ‘कुणाला काही सूचना?’ सगळे गप्प. मीटिंग संपते.

त्या शांततेचा अर्थ ‘यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असा लावू नका. हीच मंडळी कॅन्टीनमध्ये काय बोलतात ते ऐका. कुठलं फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवणारी चौकट) घासतंय, कुठल्या व्हेंडरचा माल हाताला वेगळा लागतो, कुठल्या वळणावर फोर्कलिफ्टवाल्याला पुढचा माणूस दिसत नाही, त्यांना सगळं ठाऊक असतं. हे ज्ञान मीटिंगपर्यंत पोचत नाही, कारण याआधी जो बोलला त्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

‘मोकळेपणाने बोला’ असं कितीही वेळा सांगितलं तरी कुणी बोलत नाही. कोण आधी बोलणार, कशा पद्धतीने बोलणार आणि बोललेल्याचं पुढे काय होणार, या तीन गोष्टी मात्र टीमलीडरच्या हातात असतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टींभोवतीच आहेत. बँकेच्या शाखेत, दवाखान्यात किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्यांनी लाइन आणि शिफ्ट हे शब्द बदलून वाचावं. बाकीचं फारसं बदलावं लागणार नाही.

पायरी १: पहिला आठवडा फक्त नोंद

लगेच काही बदलू नका. डायरीच्या मागच्या पानावर टीममधल्या सगळ्यांची नावं लिहा आणि रोजच्या मीटिंगनंतर, जो बोलला त्याच्या नावापुढे एक रेघ मारा. कुणाचं बोलणं मध्येच तोडलं गेलं असेल तर फुली. आठवडा संपला की पान बघा. बहुतेक टीममध्ये तीन-चार नावांपुढे रेघांची गर्दी दिसते आणि निम्म्या नावांपुढची जागा कोरी असते.

मग आणखी एक यादी करा: या पानावर नावच नसलेली माणसं. हाउसकीपिंगच्या मावशी, ठेकेदाराकडून लोडिंगला आलेली मुलं, कायम तिसऱ्या पाळीत असणारा मेंटेनन्सचा फिटर, स्टोअरमधला माणूस. तुमच्या लाइनवर काय चुकतंय हे यांना रोज दिसतं. मावशींना तर कुठल्या मशीनखाली तेल साचतं हे मेंटेनन्सच्या आधी कळतं. दुसरी यादी माझ्या मते पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. ती जपून ठेवा.

पायरी २: नाव आणि हाक

माणसाला ज्या पद्धतीने हाक मारली जाते, त्यावरून इथे आपल्याला बोलायची मुभा किती हे तो ठरवतो. एकाला ‘पाटील साहेब’, दुसऱ्याला ‘अरे ए’, तिसऱ्याला ‘तो बिहारी’, चौथीला नुसतं ‘मॅडमना विचारा’. यातला शेवटचा माणूस पहिल्याच्या म्हणण्यावर ‘मला तसं वाटत नाही’ म्हणणार नाही. म्हणून एकच रीत ठेवा. सगळ्यांना नावाने आणि ‘तुम्ही’ म्हणून, किंवा तुमच्या लाइनवर चालत असेल तर नावापुढे दादा-ताई लावून. मुलगा एकोणीस वर्षांचा असला आणि ठेकेदाराचा असला तरी तेच. जुने लोक सुरुवातीला हसतील. हसू द्या.

नवा माणूस आला की ‘गाव कुठलं, आडनाव काय, पूर्ण नाव सांग’ ही चौकशी आपल्याकडे आपुलकीने केली जाते असं आपण मानतो. ज्याला विचारलं जातं त्याला त्यातून जात विचारली जाते आहे हे बरोबर कळतं, आणि तो त्या क्षणापासून सावध होतो. टीमलीडरने हे प्रश्न विचारू नयेत; दुसरा कुणी विचारत असेल तर विषय कामाकडे वळवावा. ‘याआधी कुठल्या मशीनवर होतात?’ हा प्रश्न ओळख करून घ्यायला पुरेसा आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये याच गोष्टीला किती महत्त्व दिलं जातं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी आणली, तिच्यात चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असा एक मुद्दा आहे. नाव माहीत असलेल्या सर्जनला नर्स ‘थांबा’ म्हणू शकते. तुमच्या टीममध्ये कुणी नवं आलं, की त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आधी सगळ्यांनी नाव आणि स्टेशन सांगायचं. वेळ जेमतेम दोन मिनिटं जातो.

पायरी ३: बोलण्याचा क्रम उलटा करा

एवढी एकच पायरी केलीत तरी फरक दिसेल. मीटिंगमध्ये सर्वात आधी सर्वात नवा किंवा सर्वात कनिष्ठ माणूस बोलेल, मग चढत्या क्रमाने बाकीचे, आणि तुम्ही सर्वात शेवटी. टीमलीडरने ‘मला वाटतं प्रॉब्लेम टूलचा आहे’ असं आधीच म्हटलं, की पुढचे सगळे टूलबद्दलच बोलतात. कूलंट (काम चालू असताना टूल थंड ठेवणारा द्रव) पातळ झालंय हे ज्याला दिसलेलं असतं तो गप्प बसतो. लष्करी न्यायालयात निकालावर मत देताना कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करण्याची रीत फार जुनी आहे. ज्येष्ठाचं मत आधी कानावर पडलं तर कनिष्ठाचं मत स्वतंत्र राहत नाही, हे लष्करासारख्या हुकमावर चालणाऱ्या व्यवस्थेने ओळखलं होतं.

आणि हे न ओळखल्याची किंमत किती मोठी असू शकते? २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच विमान कंपनीचं जंबो जेट उड्डाणासाठी धावपट्टीवर धावू लागलं, तेव्हा पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं दुसरं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टन कंपनीतले अत्यंत अनुभवी, इतर वैमानिकांना शिकवणारे. झालंय, असं ते ठामपणे म्हणाले. विषय तिथेच थांबला आणि काही सेकंदांत दोन्ही विमानं धडकली. ५८३ माणसं गेली. धुकं, रेडिओवर एकाच वेळी आलेले संदेश, उशीर झाल्याची घाई अशी कारणं अनेक होती. पण ‘थांबा, मला खात्री नाही’ असं दुसऱ्यांदा म्हणणारा कुणी नव्हता, ही गोष्ट विमान कंपन्यांच्या मनाला लागून राहिली. १९७९ मध्ये नासाने याच प्रश्नावर कार्यशाळा घेतली, आणि कनिष्ठाने शंका कशी मांडायची व ज्येष्ठाने ती कशी ऐकायची याचं प्रशिक्षण पुढे जगभरच्या वैमानिकांना सक्तीचं झालं. सवयीने आणि धाडसाने आपोआप होणारी ही गोष्ट असती, तर ती शिकवावी लागली नसती.

पायरी ४: आधी कागदावर, मग तोंडाने

महत्त्वाचा विषय असेल तेव्हा (नवा लेआउट, वाढतं रिजेक्शन, शिफ्टचं वेळापत्रक) चर्चा सुरू करण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तीन मिनिटं, सगळे गप्प, जे सुचेल ते लिहायचं, नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग चिठ्ठ्या तुम्ही वाचा. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या एका प्रयोगात चार-चार जणांच्या गटांनी एकत्र बसून कल्पना काढल्या, आणि तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना, एकत्र केल्यावर, जास्त भरल्या. घोळक्यात एकजण बोलत असताना बाकीच्यांचं डोकं त्याच्याच मागे चालतं.

लिहायला संकोच वाटणारी माणसंही लाइनवर असतात, तेव्हा मीटिंग कधी कधी थेट मशीनपाशी घ्या. हाताने दाखवता आलं की भाषेची आणि शिक्षणाची अडचण निम्मी कमी होते. कॉन्फरन्स रूममध्ये पीपीटीसमोर अवघडून बसणारा ऑपरेटर स्वतःच्या मशीनपुढे उभा राहिला, की डिझाइनच्या इंजिनिअरलाही बरंच काही शिकवून जातो.

पायरी ५: ‘काही सूचना?’ हा प्रश्न बंद करा

हा प्रश्न इतका मोठा आणि मोकळा आहे की त्याला उत्तर देणं म्हणजे सगळ्यांसमोर उठून भाषण करणं वाटतं. शिवाय ‘सूचना’ म्हणजे काहीतरी हुशारीचं असावं लागतं असा समज. छोटे, कालच्या कामाला धरून असलेले प्रश्न विचारा:

‘काल कुठल्या कामात हात थांबला?’
‘कुठली वस्तू शोधण्यात वेळ गेला?’
‘कोणत्या स्टेशनवर वाकावं लागतं आणि पाठ धरते?’
‘नव्या मुलाला शिकवताना कुठली गोष्ट सांगायला सर्वात अवघड जाते?’
‘काल थोडक्यात वाचलो, असं कुणाला कुठे वाटलं?’

एका मीटिंगला एकच प्रश्न पुरे. प्रश्न विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. नवे टीमलीडर दोन सेकंदांची शांतता सहन करू शकत नाहीत आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात, आणि थोडं थांबलं तर आपल्याला बोलावं लागत नाही हे टीमला कळतं.

पायरी ६: पहिल्या वाक्यानंतरचं तुमचं वाक्य

कुणीतरी धीर करून बोललं. आता तुम्ही काय म्हणता यावर पुढचे सहा महिने मीटिंग बोलकी राहणार की मुकी, हे ठरतं. बोलणाऱ्यापेक्षा न बोललेले चौदा जण तुमच्या तोंडाकडे जास्त बारकाईने बघत असतात.

‘ते आधी करून बघितलंय.’ ‘बजेट नाही.’ ‘तू तुझं टार्गेट बघ.’ ‘चांगलंय चांगलंय, बघू.’ यातलं शेवटचं सर्वात वाईट, कारण ते गोड आहे. ‘बघू’ म्हणजे होणार नाही, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कामगाराला सांगावं लागत नाही.

त्याऐवजी आधी माणसाचं म्हणणं त्याच्यासमोर पुन्हा सांगा: ‘म्हणजे सुनीताताई, बिन डावीकडे ठेवला तर दर पार्टला वळावं लागणार नाही, असंच ना?’ बरोबर समजलं की नाही हे तिला ठरवू द्या. मग एक प्रश्न विचारा, परीक्षा घेतल्यासारखा नको, जास्त कळावं म्हणून: ‘तिथून फोर्कलिफ्ट जाते, मग कसं करता येईल?’ आणि पुढे काय होणार ते दिवसासकट सांगा: ‘दुपारी मी आणि तुम्ही जाऊन मोजू.’ आधी करून पाहिलेली कल्पना असेल तर तेही सांगायची रीत आहे: ‘मागच्या वर्षी हे केलं होतं, तेव्हा सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा. आता सेन्सर बदललाय. पुन्हा बघायला हरकत नाही.’

दुसरी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मीटिंगमध्ये घडते. मीनल काहीतरी सांगते, कुणी लक्ष देत नाही. पाच मिनिटांनी शिंदे तेच म्हणतात आणि सगळे माना डोलावतात. तुम्ही तिथल्या तिथे म्हणा, ‘हो, मीनलताईंनी मघाशी मांडलं तेच. मीनलताई, पूर्ण सांगा.’ आवाज चढवायची गरज नाही, शिंद्यांचा अपमानही होत नाही. दोन-तीनदा हे केलंत की टीमच मूळ बोलणाऱ्याचं नाव घ्यायला लागते.

पायरी ७: प्रत्येक सूचनेला तारखेसह उत्तर

बऱ्याच कारखान्यांच्या गेटपाशी कुलूप लावलेली सूचना-पेटी टांगलेली असते. किल्ली कुणाकडे आहे हे विचारून बघा. सूचना द्यायची योजना अपयशी ठरते ती लोकांकडे कल्पना नसतात म्हणून क्वचितच. दिलेल्या सूचनेचं काय झालं हे न कळल्यामुळे लोक लिहिणं सोडतात.

लाइनच्या बोर्डावर चार रकाने आखा: सूचना, कुणाची, कधी दिली, उत्तर. उत्तर तीनच प्रकारचं असू शकतं. होणार, अमुक तारखेपर्यंत. होणार नाही, अमुक कारणाने. माझ्या हातात नाही, अमुक साहेबांकडे अमुक तारखेला पाठवलं. आठ दिवसांच्या पुढे चौथा रकाना कोरा राहता कामा नये. स्पष्ट ‘नाही’ माणूस पचवतो, त्याला कारण मिळालं तर. मौन मात्र त्याच्या मनात राहतं.

टोयोटाने कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ मध्ये सुरू केली आणि ती इतकी वर्षं टिकली, त्यामागे लहान सूचनेलाही मिळणारं उत्तर आहे. जपानमध्ये १९६२ पासून सुरू झालेली क्वालिटी सर्कल्स आपल्याकडे १९८० मध्ये भेल (बीएचईएल) या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात आली, आणि तिथून देशभर पसरली. एकाच जागी काम करणारे मूठभर लोक स्वखुशीने नियमित भेटतात, स्वतःचा प्रश्न स्वतः निवडतात आणि उत्तर स्वतः व्यवस्थापनासमोर मांडतात, हा या पद्धतीचा गाभा. ‘स्वतः मांडतात’ याकडे लक्ष द्या. आज बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरची कल्पना इंजिनिअर सादर करतो आणि स्पर्धेची ढाल घेऊन येतो. तुमच्या टीमची कल्पना वर जाणार असेल, तर ज्याची त्यानेच मांडली पाहिजे, हिंदीत मांडली तरी चालेल, अडखळत मांडली तरी चालेल. आदल्या दिवशी अर्धा तास त्याच्याबरोबर तयारी करा.

पायरी ८: वर्तुळाबाहेरची माणसं

आता ती दुसरी यादी काढा. कंत्राटी कामगारांना कंपनीच्या मीटिंगमध्ये घ्यायला काही ठिकाणी एचआर तयार नसतं, कारण उद्या ते आपले थेट कामगार ठरतील अशी कायदेशीर भीती असते. वाद घालत बसू नका. सुरक्षेची रोजची सूचना सगळ्यांना एकत्र द्यावीच लागते. तुमचा प्रश्न तिथे विचारा आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरला बरोबर उभं करा. बक्षीस योजनेत कंत्राटी माणूस बसत नसेल, तर निदान बोर्डावर त्याचं नाव पूर्ण लिहा. ‘काँट्रॅक्टची मुलं’ असं लिहू नका.

भाषेचं म्हणाल तर मराठी, हिंदी आणि थोडी ओडिया किंवा भोजपुरी असं मिश्रण आज बहुतेक लाइनवर आहे. मीटिंग मराठीत घ्या, हिंदीत घ्या, पण शेवटी तीन वाक्यांत दुसऱ्या भाषेत सार सांगा. ते सार टीममधल्याच कुणाला तरी सांगायला लावलं तर त्याला बोलायची सवयही होते. ‘समझ गया?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘तुम्ही काय करणार ते सांगा’ असं विचारा.

ऐकू न येणारे सहकारी अनेक कारखान्यांत आहेत आणि मीटिंगमध्ये ते बहुतेक वेळा मागे उभे असतात. त्यांना पुढे, तुमच्या तोंडासमोर आणि उजेडाच्या बाजूला उभं करा, बोर्डावर लिहीत बोला, आणि रोजच्या वापरातल्या वीस-पंचवीस खुणा त्यांच्याचकडून शिकून घ्या. थांब, गरम, मोजून बघ, पुन्हा कर, तुझं काय मत. शेवटची खूण सर्वात आधी शिका.

बायकांच्या बाबतीत वेळ हा मोठा मुद्दा. शिफ्ट सुटल्यानंतरची मीटिंग म्हणजे कंपनीची बस चुकणं. ज्यांना पुढे घरचं काम, पाळणाघर किंवा शेवटची एसटी आहे, त्या तिथे शरीराने असतात, लक्ष घड्याळाकडे. मीटिंग शिफ्टच्या वेळातच बसवा. नाश्त्याच्या ऑर्डरी आणि मिनिट्स लिहिणं दरवेळी त्यांच्याच गळ्यात पडत नाही ना, तेही बघा. लिहिणाऱ्याला बोलायला सवड मिळत नाही. पाळीपाळीने सगळ्यांनी लिहावं.

तिसऱ्या पाळीसाठी महिन्यातून एकदा तरी तुम्ही स्वतः रात्री थांबा. त्या पाळीत काय अडतं ते वहीतल्या नोंदीतून कळत नाही.

पायरी ९: वाईट बातमी आणणाऱ्याला सांभाळा

टोयोटाच्या लाइनवर काही चुकतंय असं दिसलं की कामगाराने ओढायची एक दोरी असते. ती ओढली की आधी टीमलीडर धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. धावत आल्यावर त्याने पहिल्यांदा ‘कुणी ओढली?’ असं ओरडून विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून ती दोरी नुसती लटकेल. तुमच्याकडे दोरी नसेल, बटण किंवा लाल कार्ड असेल. नियम तोच: पहिला शब्द ‘काय झालं?’, आणि दुसरा ‘बरं झालं सांगितलंत’.

साहेबांनाही आधीच कल्पना द्या की लोक बोलू लागले की नोंदलेल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात सुरुवातीला वाढलेले दिसतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथले लोक जास्त चुकत नव्हते, जास्त सांगत होते. हे साहेबांना आकडा दिसण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

काही गोष्टी मात्र मीटिंगमध्ये काढायच्याच नसतात. लैंगिक छळाची तक्रार कुणी तुमच्याकडे आणली तर स्वतः चौकशी करू नका, समेट घडवू नका, टीमसमोर विषय काढू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस अशा सगळ्या महिलांना तिच्याकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर लाइनच्या बोर्डावर लावा आणि मीटिंगमध्ये त्यांची ओळख करून द्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा कुणाला तुमच्यापर्यंतही यावं लागणार नाही.

साहेब मीटिंगला आले तर

येतीलच. पुढे उभे राहतील, कनिष्ठ मुलगा बोलत असताना मध्येच उत्तर देतील, आणि क्रम मोडेल. त्यांना चारचौघांत अडवण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सांगा, ‘सर, आमच्याकडे सर्वात नवा माणूस आधी बोलतो आणि तुमची पाळी सर्वात शेवटी ठेवली आहे. तोवर तुम्ही फक्त लिहून घ्या.’ बहुतेक साहेब हे मानतात, कारण त्यांनाही लाइनवरची खरी बातमी क्वचितच मिळते. त्यांच्या हातात वही-पेन द्या आणि त्यांना वर्तुळात बाकीच्यांच्या रांगेत, फोर्कलिफ्टवाल्याच्या शेजारी उभं करा. मीटिंग संपल्यावर त्यांनी लिहिलेल्यातल्या निदान एका सूचनेपुढे तारीख आणि सही घेतल्याशिवाय त्यांना सोडू नका.